तयार उजेड

मुलगी : बाबा, काहीतरी बोला. फोटो हातात घेऊन केव्हाचे नुसते बसलाय.

बाबा : काय बोलू? हनुवटीखालची सावली पार मेलीय.

मुलगी : सावलीचं नंतर. आईचा हा फोटो शोकेसमध्ये लावायचा की नाही?

बाबा : माझ्या स्टुडिओच्या शोकेसमध्ये? स्वयंपाकघरात, खिशात मावणाऱ्या दोन फ्लॅशवर काढलेला?

मुलगी : एक डब्यांच्या फळीवर ठेवला होता, भिंतीकडे तोंड करून. दुसरा दाराआड. आई स्वतःशीच हसली आणि मी बटण दाबलं.

बाबा : म्हणजे चोरी. अगं, मोठ्या दिव्यांसमोर माणूस बसतं, अवघडतं, तापतं, आणि मग कधीतरी त्याचा खरा चेहरा वर येतो. सावली कुठे पडणार ते आधी डोळ्यांना दिसतं. तुझा हा काजवा लुकलुकला की संपला!

मुलगी : काजवा निदान माणसापाशी उडत येतो, बाबा. तुमच्या दिव्यांपाशी माणसाला जावं लागतं. आणि तिथे तापली कोण? आईच ना! गिऱ्हाईक बाहेर आरशात केस विंचरणार, आत स्टुलावर ही. ‘मान डावीकडे. जरा खाली. हं, झालं.’ की ही उठायची आणि तयार उजेडात दुसरं कुणी येऊन बसायचं. निम्म्या शहराचा उजेड हिच्या गालांवर बेतलाय तुम्ही. हिचा एक फोटो नाही घरात.

बाबा : तेव्हा फिल्म जपून वापरावी लागायची.

मुलगी : फिल्म जाऊनही जमाना लोटला.

आई : पुरे करा दोघं. माझ्यावरून भांडताय, मला विचारलंय का कुणी?

बाबा : बरं, तूच सांग. आवडला तुला हा?

आई : आधी ओळखूच आलं नाही. म्हटलं, कोण ही बाई, किती निवांत उभी आहे! मग हातातलं फडकं ओळखलं.

बाबा : फडकं! बायकोला फडक्यासकट मांडू काचेत? ऊठ, स्टुलावर बस. मोठे दिवे लावतो. तुझा फोटो आज मी काढतो, काढावा तसा.

मुलगी : आई, नाही म्हण.

आई : बसते गं. बसायला कुठे शिकायचंय मला? अहो, पण या खेपेला फोटो निघणार ना?

बाबा : म्हणजे काय! मान डावीकडे. जरा खाली. डोळे मिटू नकोस.

आई : झोंबतोय उजेड.

बाबा : थांब, दिवा मागे सरकवतो. नाकाची सावली ओठाला शिवता कामा नये. हं… अशीच राहा. बघ गं पोरी, नीट बघून घे, याला म्हणतात प्रकाश! हं, झालं.

(आई स्टुलावरून उठते आणि दाराकडे चालू लागते.)

बाबा : अगं, अगं, बस! कॅमेरा अजून हातात घ्यायचाय. कुठे निघालीस? … सवयीनं उठलीस की रागानं, एवढं तरी सांगून जा!

मुलगी : दिवे मालवा, बाबा. स्टूल उगाच तापतंय.