तीसपर्यंत मोजायचं

— नाही नाही, गंभीर काही नाही, बसा हो, सरकतो मी — बायको आत आहे, कानाचं ऑपरेशन. बहिरी? छे! पलीकडच्या खोलीत मी बिस्किटाचा पुडा फोडला तरी तिला ऐकू जातं. चक्कर! उजव्या कुशीवर वळली की घर फिरतं, वर बघितलं की घर फिरतं — आणि धंदा काय, तर पडदे शिवून टांगायचे! एकदा दांडीकडे बघायला गेली आणि पडद्यासकट गिऱ्हाइकाच्या मांडीवर. हसा, हसा — मीही हसलो होतो, आठवडाभर ताट आपटून वाढलं तिनं.

मी प्लंबर. त्यामुळे डॉक्टर सांगायला लागले आणि मला भराभर कळत गेलं — कानात आत तीन वाकड्या नळ्या, त्यात पाणी, एकीत बारीक खडे शिरलेत, डोकं हललं की खडे घरंगळतात आणि हिला भोवंड. म्हटलं, गाळ अडकलाय असं म्हणा ना! आज ती नळीच बुजवून टाकणार. बूच! सत्तावीस वर्षं मी दुसरं काय करतोय? पण माझ्यासाठी कुणी हिरवे कपडे घालून उभं राहत नाही.

त्याआधी व्यायाम होता. तिचं डोकं दोन्ही हातांत धरून कॉटच्या कडेवरून खाली सोडायचं, तीसपर्यंत मोजायचं, वळवायचं, पुन्हा तीस, कुशीवर, पुन्हा तीस, मग उठवून बसवायचं. रोज सकाळी. आता तुम्ही परके म्हणून सांगतो — त्याआधी आमचं बोलणं म्हणजे ‘गॅस संपला’ आणि ‘किल्ली कुठाय’. भांडण नव्हतं हो, भांडायलाही दोन शब्द लागतात! आणि आता रोज तिचं डोकं माझ्या हातांत. माझे तीस हळूहळू पन्नासावर जायला लागले. ती डोळे मिटूनच विचारायची, ‘आकडे विसरलात का?’

चार महिन्यांनी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, घरचा व्यायाम बंद करा, उगाच तिला त्रास — मीही कितीदा करून बघितला, खडे हट्टी आहेत. मी मान डोलावली. घरी सांगितलं? नाही सांगितलं. झालं की वर्ष. अहो, असे बघू नका! त्रास नाही दिला — डोकं खाली सोडायचं, वळवायचं, ते सगळं मी वगळलं. नुसतं उशीवर ठेवायचं, हातांत धरायचं, मोजायचं. आज डॉक्टर तिला बोलून जातील आणि ती मला धुऊन काढेल. आणि बरी झाली, तर उद्यापासून सकाळी मी काय धरू — पाना?

काय? तिला कळलं नसेल का? कसं कळणार, मी अगदी पहिल्यासारखंच मोजायचो — चक्कर? हो, पहिल्या व्यायामात यायची ना, सडकून यायची, माझं मनगट ओरबाडायची, हा बघा वण. मग मी तो भाग वगळल्यावर... नाही आली. एकदाही नाही. वर्षभर.

आणि रोज सकाळी आपणहून केस मागे घेऊन, उशी सरळ करून पडायची. आज सकाळीसुद्धा, इथल्या कॉटवर. मी म्हटलं, ऑपरेशनच्या दिवशी कशाला? तर म्हणाली, ‘मोजा गुपचूप.’

थांबा — थांबा हो जरा...

कोण? मी! मीच नवरा! शुद्धीवर आली? आलो, आलो सिस्टर — अहो, उठा ना, माझ्या पिशवीवर बसलाय तुम्ही, सरका!