तांबडीचा रिपोर्ट

‘असू शकतो’ म्हणजे काय हो, मॅडम? व्हायरस आहे की नाही, तेवढं सांगा ना — बसा, खाटेवर बसा आधी. तांबडी डुकरिणीच्या गाठीचा तुकडा काढून नेलात, तेव्हापासून रिपोर्टची वाट बघतेय मी. आणि आज म्हणता, कॅन्सर पक्का, पण त्यामागे व्हायरस असेलही, नसेलही. इकडं अख्ख्या धुळ्यात कोणालाही विचारा, कोकिळाक्काची डुकरं बठ्ठी, सगळीच्या सगळी निरोगी. मी चूक नाही केली. तांबडीच्या आचळाशी गाठ दिसली, की पिल्लं तिच्यापासून तोडली. काळी म्हणजे दुसरी व्यालेली डुकरीण, तिच्याखालचा ओला पेंढा त्यांच्या अंगाला चोळला आणि तिला लावली. वास एक झाला की ती आपलीच समजून पाजते, आमच्यात असंच करतात. बघा ना, पिल्लं कशी गुटगुटीत झालीत — म्हणून म्हटलं, घरातही तसंच — नाही, काही नाही. घरातलं सोडा.

कोण, सारिका? सून माझी, नवलची बायको. तांबडीचं सगळं तीच करायची, ओली बाळंतीण असून ऐकायची नाही. आत पडलीय. आजारी म्हणजे — छातीत गाठ आलीय, लालबुंद, अंगात ताप. मग काय करणार मी? नवल म्हणाला, दवाखान्यात नेतो. मी म्हटलं, थांब, तांबडीचा रिपोर्ट येऊ दे, दोघींचं एकच असणार, त्यातच कळेल. पोराला शेळीच्या दुधावर ठेवलंय, माझ्याजवळच निजतं. ती मागते, रडते, मी देत नाही. मला काय बरं वाटतं का? जीव तुटतो माझा.

आधी काय झालं? आधी बारीकशी गाठ होती, जरा ठणकायची. पाजणं बंद केल्यावर वाढली — दूध तुंबून? पण तुम्ही तर जनावरांच्या डॉक्टर, मॅडम — बरं, माणसांच्या डॉक्टरला आजच दाखवू. पण डुकराचा कॅन्सर माणसाला झाल्याचं कुठंच दिसलं नाही, असं म्हणता? कुठंच नाही? मग मला कोणी — कोणाला विचारलं मी? कोणालाच नाही. भीतीच तशी बसली होती.

ही गाडी तांबडीला न्यायला आणलीत ना? तिला राहू द्या आज. दवाखान्यापर्यंत पुढं एक बाई बसेल ना, मांडीवर पोर घेऊन? सारिका, ऊठ वं. हे घे, पोऱ्याले ले. — ले ना. माझ्याकडं नको बघू, गाडीत बस. मॅडम, तुम्ही निघा आता. मला काही विचारू नका, निघा.