बोक्याला सोडून येताना

भरदुपारच्या बसमध्ये शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. आजींच्या मांडीवर मांजर न्यायची टोपली होती, रिकामी.

"अहो, उतरल्यावर दूध घ्यायचंय."

"कशाला? आपल्या चहापुरतं आहे की घरात."

"हो. विसरलेच मी."

"टोपली दे इकडे, जड होईल."

"रिकामी कसली जड होतेय? राहू द्या. सुई टोचल्यावर ओरडला का हो बोक्या?"

"नाही गं. माझ्या हातावर डोकं टेकून गप पडून होता. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात, आता कशाला हाल करता."

"मी आत यायला हवं होतं. पायच उचलेनात."

"काही बिघडलं नाही. त्याला कुठे कळत होतं, कोण आहे आणि कोण नाही."

बाईंचा स्टॉप आला आणि गेला. त्या उठल्या नाहीत.

"अहो, तुमच्याकडे बघत होता ना?"

"चल, पुढे जाऊन उभं राहू."

"अजून लांब आहे. बसा खाली. कुणाकडे बघत होता?"

"दाराकडे. शेवटपर्यंत दाराकडेच बघत होता गं."