अढीतली पावडर

जप्त! अहो, माझे चिकू जप्त! ज्यानं उभ्या जन्मात फळाला घाई केली नाही, त्याचे! तुम्हाला सांगतो, सगळा बाजार फळं रातोरात पिकवतो, मी मात्र घरी पेंढ्यात अढी घालतो, वर गोणपाट टाकतो अन् गप बसतो. पिकायचं ते पिकतंच!

तर झालं काय... अन्नखात्याचे साहेब आले, कोण औषध मारून फळं पिकवतंय ते बघायला. शेजारच्या केळीवाल्यानं शटर असं ओढलं, की स्वतःच आत अडकला! मी? मी म्हटलं, "या साहेब, निवांत बघा, आपल्याकडं पिकायचं ते पिकतंच." टोपलीवरचं गोणपाट उचललं, अन् बघतो तर काय... चिकूंवर पांढरी भुकटी!

"आजोबा, हे कुठलं औषध? गाळ्याला टाळं लागेल हां!"

टाळं! म्हणजे आमच्या पोटालाच की! तेवढ्यात मागून आमची ही, पिशवीतून डबा काढत, "अहो, औषध कसलं? माझी तोंडाला लावायची पावडर ती! गिऱ्हाईक म्हणालं, चिकूंना पेंढ्याचा वास मारतो. यांना सांगावं, तर हे म्हणणार, जाईल हळूहळू... म्हणून मीच शिंपडली, थोडीशी."

थोडीशी! चिकू नटूनथटून लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते!

साहेबांनी डबा हुंगला, चिकू हुंगला, अन् सणसणीत शिंकले. "आजी, हे खायचं असतं!"

"मग? मी रोज लावते, मला काय झालंय?"

"तुम्हाला कुणी सोलून खात नाही, आजी!"

हसला हो अख्खा बाजार, शटरमागचा केळीवालासुद्धा! अन् त्या हसण्यानंच तो सापडला. माझा गाळा वाचला, पण कायदा तो कायदा, टोपली जप्त. अन् नमुना म्हणून हिचा डबाही!

चिकू गेले, त्याचं हिला काही नाही. घरी येईस्तोवर एकच, "माझा डबा कधी मिळणार?" मी आपली समजूत घातली, "अगं, यायचं ते येतंच, पिकायचं ते..."

तिनं असं बघितलं, असं बघितलं...

तुम्हाला सांगतो, फळाला कधी घाई केली नाही मी. पण पावडरीच्या दुकानापर्यंत, या वयात, चपला हातात घेऊन पळालो!