एका कणकेची भाकर

मंडळी, आज आधी एक प्रश्न. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही हं! शेजारी बायको बसलीय, पुढं चर्चचे पाळकसाहेब बसलेत, तेव्हा उत्तर आपलं आतल्या आत द्यायचं.

प्रश्न असा. एखादा माणूस खोटं बोलतो, दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो, आणि तरी त्याच्या घरावर माडी चढते, त्याची पोरं गुबगुबीत, त्याला साधा खोकलासुद्धा होत नाही! अशा माणसाकडं बघून तुमच्या पोटात कधी दुखलंय का?

हं... तिसऱ्या रांगेतले काका सतरंजीचा धागा उपटायला लागले. राहू द्या काका, सतरंजी चर्चची आहे!

लाजू नका. फार जुन्या काळी देवाच्या मंदिरात गाणारा एक भक्त होता, त्याच्याही पोटात दुखलं होतं. आपण सरळ वागलो ते फुकटच गेलं की काय, असं त्याला वाटायला लागलं. गाणारा माणूस, देवाच्या दारातला माणूस, आणि त्याचा पाय निसटता निसटता राहिला. मग तुमची आमची काय कथा? म्हणून आज एक गोष्ट सांगतो. तीही एका गाणाऱ्याचीच आहे. ऐका.

बोरजाई नावाचं गाव. गावाच्या कडेला आपली ख्रिस्ती वस्ती, वस्तीत कौलारू चर्च, आणि चर्चसमोर पिठाची गिरणी. गिरणी शांतवन त्रिभुवनची. हा शांतवन म्हणजे काय गळा होता, मंडळी! गिरणीचा पट्टा फटफट वाजायचा आणि त्या तालावर हा भजन म्हणायचा. बाया दळण टाकून घरी जायच्या नाहीत, तिथंच बसून ऐकायच्या. घरी चुलीवर भात करपायचा, आणि नवरे शांतवनवर चिडायचे!

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्याची भाकर शांतवनची बायको करायची, सालोमीबाई. नाव भाकर, पण असते गव्हाची जाडसर पोळी, हे तुम्हाला माहीतच आहे. आदल्या दिवशी सकाळी शांतवन काय करायचा? गिरणीत आधी मूठभर गहू घालून काढून टाकायचा. कालच्या डाळीचं, बाजरीचं काही दगडात राहिलेलं असेल ते निघून जावं म्हणून. आणि मग प्रभूच्या भाकरीचं दळण. पहिलं दळण ते! मग सावकाराचं असो की सरपंचाचं, नंतर.

अशी सुखाची गिरणी. आणि वस्तीत होता फिलेमोन पारधे.

फिलेमोनला वाटलं, गिरणी आपण काढावी. काढ की बाबा! कोण नको म्हणतंय? पण गाव शांतवनची गिरणी सोडून येणार कशाला? तेव्हा यानं काय केलं, आपला एक माणूस दळणाच्या रांगेत बसवला, आणि त्यानं गप्पा मारता मारता बायांच्या डब्यांत बारीक रेती सोडली. घरोघर भाकरीत कचकच! फिलेमोन पारावर बसून म्हणतो, "शांतवनचे दगड झिजलेत. दगडाची कच खायला घालतोय गावाला." झालं! रेती कुणी पाहिली नव्हती, पण दाताखाली तर आली होती. एक डबा गेला, दुसरा गेला, आणि तोवर फिलेमोनची नवीकोरी गिरणी उभी. एका बाजूला पीठ, एका बाजूला मिरचीचं कांडप!

पुढं त्याचा तो माणूस एकदा प्यायला आणि सगळं बोलून बसला. गावाला खरं कळलं. तुम्हाला वाटेल, आता गाव शांतवनकडं परत येईल. छे! कळून काय होतं? नव्या गिरणीची सवय झाली होती. ती जवळ होती, तिथं बसायला बाकडं होतं. लोक "फार वाईट झालं हो शांतवन" म्हणायचे, आणि डबा घेऊन फिलेमोनकडं जायचे.

शांतवनच्या गिरणीला कुलूप लागलं. तो कांद्याच्या वखारीत गोण्या उचलायला जाऊ लागला. तिकडं फिलेमोनच्या घरावर स्लॅब चढला, दारात जीप आली. चर्चला पंखे दिले त्यानं! आणि उपासनेला बसायचा कुठं? पहिल्या रांगेत, पंख्याखाली.

आता शांतवनचं ऐका. गिरणी गेली हे दुःख होतंच. पण त्याहून मोठं काहीतरी त्याच्या आत शिरलं. फिलेमोनच्या घरी आज मटण शिजलं, हे याला ठाऊक. फिलेमोनच्या बायकोनं नवं पातळ घेतलं, याला ठाऊक. जीप कधी गेली, कधी आली, सगळं ठाऊक! सकाळी डोळे उघडले की फिलेमोन, डोळे मिटले की फिलेमोन. प्रार्थनेला गुडघे टेकले तरी काय मागणं? "देवा, त्याचा पट्टा तुटू दे!"

मंडळी, भक्ती कशाला म्हणतात? ज्याचं ध्यान उठताबसता लागलेलं असतं, त्याची ती भक्ती. तर मग सांगा मला, हा शांतवन कुणाची भक्ती करत होता?

पहिला रविवार आला. भाकरीचं ताट रांगेतून हातोहात फिरायला लागलं. फिलेमोननं तुकडा घेतला, शांतपणे! ते पाहिलं आणि शांतवनचे हात जे मांडीवर पडले, ते उठलेच नाहीत. ताट पुढं गेलं. दुसऱ्या महिन्यात तेच. मग त्याचं गाणं थांबलं. मग तो चर्चच्या आतच येईना, बाहेर लिंबाखाली बसायचा. पाळकसाहेब समजवायला गेले, तर म्हणाला, "साहेब, माझं मन शुद्ध नाही. मी घेऊ नये हेच बरं. पण ज्यानं घेऊ नये तो घेतो, आणि त्याला ठसकासुद्धा लागत नाही, याचं तुम्ही काय ते सांगा." पाळकसाहेब तसेच चहा घेऊन परत आले.

आणि घरी जेवायला बसला की दोन घास खाऊन ताट सारायचा. "कच लागतेय," म्हणायचा. वर्ष होत आलं, मंडळी. गावाला वाटलं, हा गळा गेला तो गेलाच.

आणि सालोमीबाई? गिरणी तिचीही गेली होती ना? बाजारात बाया तिच्याकडं बघून कुजबुजल्या होत्या ना? पण ती दर महिन्याला गहू निवडायची, डोक्यावर डबा घेऊन शेजारच्या गावच्या गिरणीला चालत जायची, आणि भाकर करायची. मी खरं सांगतो, या बाईची आठवण झाली की माझे हात आपोआप जुळतात. मोठी मोठी प्रवचनं केली मी, पण असं चालणं मला जमलं नसतं.

एका शनिवारी शेजारच्या गावची गिरणी बंद होती, मोटर जळालेली. आता? बाईनं डबा उचलला आणि सरळ फिलेमोनच्या गिरणीत येऊन रांगेत बसली. फिलेमोन आतून बाहेर आला.

"या वहिनी," तो हसत म्हणाला. "शेवटी आमच्याकडं आलात म्हणायचं!"

"आले भाऊ. उद्याच्या भाकरीचं दळण आहे. आधी मूठभर गहू घालून काढून टाका, मग माझे घाला. आमच्या गिरणीत तसं करायचे."

फिलेमोननं मग गड्याला खूण केली. दळण झालं, तो म्हणाला, "पैसे राहू द्या. तेवढंच पुण्य."

"पुण्य इतकं स्वस्त असतं तर रांग किती मोठी लागली असती, भाऊ," सालोमीबाई म्हणाली, आणि दळणाचे पैसे बाकड्यावर ठेवून निघाली. चिडली नाही हं! हसत म्हणाली.

पण शांतवनला दिवस मावळायच्या आत ही बातमी लागलीच. ध्यानच ते होतं ना त्याचं! घरी आला तो लालबुंद. सालोमीबाई परातीत कणीक मळत होती.

"सालोमे, त्याच्या गिरणीचं पीठ? आणि प्रभूची भाकर? लाज नाही वाटली तुला?"

ती मळतच राहिली. "बसा जरा."

"बसत नाही. सांग मला. ज्यानं रेती टाकून आपली गिरणी बुडवली, त्याच्यासाठी तू वर्षभर भाकर मळतेस. हात कसे वळतात तुझे?"

तेव्हा तिनं मळायचं थांबवलं. तो सगळा गोळा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढं धरला. "दाखवा बघू. यातला त्याचा तुकडा कोणता?"

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही. पहिल्या महिन्यात मीही रागानंच मळायला बसले होते. वाटलं, त्याच्या तुकड्याला शिव्या देईन. पण त्याचा तुकडा सापडेना हो. सगळी कणीक एकच. त्याच्यासाठी राग घातला, तर तो पाळकसाहेबांच्या ताटात जाईल, शेजारच्या सुरेखाच्या आजारी पोरीच्या तोंडात जाईल, तुमच्या तोंडात जाईल. मग मी राग बाजूला ठेवून मळले. तसंच मळत आले."

शांतवन उंबऱ्यावर टेकला. सालोमीबाईनं गोळा परातीत ठेवला.

"मी माणसं मोजून तुकडे करते. तुमचा धरून करते. दर वेळी ताटात एक उरतो. पाळकसाहेब तो मला देतात, आणि तो माझ्या गळ्याखाली उतरत नाही. अहो, गिरणी त्यानं नेली, मान्य आहे. पण ही भाकर त्यानं नेली नाही. ही तुम्ही सोडलीत. आणि ती जेवणातली कच... मी पीठ दोनदा चाळते हो. पिठात कच नाहीये."

झालं. एवढंच बोलली, आणि पुन्हा मळायला लागली.

आता मंडळी, मला तुमचे चेहरे दिसतायत! तुम्ही वाट बघताय, गिरणी कधी जळते. आता वीज पडेल, आता पट्टा तुटेल, आता फिलेमोन धावत येऊन शांतवनचे पाय धरेल. नाही जळली हो! आजही चालू आहे. मी परवाच तिथून दळण आणलं, पीठ चांगलं देतो!

ऐका, रविवार आला. उपासना सुरू झाली, आणि दारात शांतवन उभा. चर्च भरलेलं, बसायला जागा नाही. एकच जागा रिकामी होती. कुठं? पहिल्या रांगेत, पंख्याखाली, फिलेमोनच्या शेजारी. ती जागा दर रविवारी रिकामीच असायची. गावाला फिलेमोनची गिरणी हवी होती, पंखे हवे होते, अडीअडचणीला जीप हवी होती. शेजार मात्र कुणाला नको होता. वर्षभर ज्याच्या घरावर डोळे लावले होते, त्याच्याबद्दल एवढी एक गोष्ट शांतवनला ठाऊक नव्हती.

शांतवन पुढं गेला. फिलेमोननं वर पाहिलं, आणि थोडा सरकला. "बस," म्हणाला. बस्स, एवढंच.

ताट निघालं. फिलेमोनपाशी आलं. त्यानं आपला तुकडा घेतला, आणि ताट शेजाऱ्यापुढं धरलं. ज्या हातानं रेती टाकवली, त्याच हातात ताट, आणि ताटात त्याच्याच गिरणीच्या पिठाची भाकर!

मंडळी, इथं मी थांबतो. तुम्ही घ्याल का? खरं सांगा. आतल्या आत सांगा.

त्या शेवटच्या रात्री आपल्या प्रभूनं भाकर मोडली, तेव्हा पंगतीत कोण बसलं होतं? त्याला विकणारा यहूदासुद्धा तिथंच होता ना? आणि प्रभूला ते ठाऊक नव्हतं का? होतं! म्हणून त्यानं भाकर मोडायची थांबवली का? पंगत उठवली का? नाही, मंडळी. ताट फिरलं.

शांतवनचा हात उठला. त्यानं तुकडा घेतला. तोंडात घातला, हळूहळू चावला. चाचपून बघत होता म्हणा ना! कच लागली नाही. वर्षाचा भुकेला माणूस तो, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आणि मग, पाळकसाहेबांनी पुढचं काही म्हणायच्या आत, बसलेल्या, गंजलेल्या गळ्यातून सूर निघाला. धरा टाळ! पेटीवाले, पांढरी दोन धरा. असं म्हणाला तो:

एका कणकेची भाकर, एका वेलाचा हा रस,
प्रभो, माझ्या ओंजळीला तुझ्या तुकड्याची आस!

मागं बायांच्या रांगेत सालोमीबाईनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी ताटात तुकडा उरला नाही.

लोक मला विचारतात, "महाराज, फिलेमोनचं काय झालं? तो रडला का?" मी सालोमीबाईंनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी त्याच्याकडं बघतच नव्हते. मी यांच्याकडं बघत होते." फिलेमोनचा हिशोब प्रभूपाशी. तो तुमच्या माझ्याकडं दिलेला नाही, आणि दिला नाही तेच बरं, आपल्याच्यानं तो नीट झाला नसता.

शांतवन आजही वखारीत गोण्या उचलतो. पण उचलताना गातो. हमाल म्हणतात, गोणी हलकी लागते.

तर मंडळी, सुरुवातीला विचारलेला प्रश्न आता तुमच्याच हवाली करतो. मी फिलेमोनचं नाव घेतलं, तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढं एक चेहरा आला. आला ना? कुणाचा भाऊ असेल, कुणाचा साहेब, कुणाचा शेजारी. त्यानं तुमचं काय नेलं, ते मला माहीत नाही. तुमचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण घरी गेल्यावर एवढं बघा, त्यानं नेलं ते किती, आणि त्याच्याकडं बघता बघता तुम्ही आपल्या हातानं सोडलं ते किती?

परवा पहिला रविवार आहे. भाकर मळणारी कुणी माउली तुमचा तुकडा धरूनच मळणार आहे. ताट रांगेतून येईल. ते कुणाच्या हातून येतंय, तिकडं बघू नका. ताटात काय आहे ते बघा, आणि हात पुढं करा.

भाकर होऊन जो आपल्यासाठी मोडला गेला, त्या प्रभू येशूचं नाव घ्या, आणि टाळ खाली ठेवा. आमेन.