बाकावरून पाहिलेले दोन बाप

माझं गाव नागभीडजवळचं, धानाच्या बांध्यांमधलं. बा शेती करे अन् दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीत, म्हंजे आमच्या गावच्या गानं-नाचाच्या नाटकात, राजा बने. पोरगा वनात चालला म्हनून रडनारा राजा. सिंहासनावर बसून असा रडे का बाया तोंडात पदर कोंबत. स्वराज्य नवं होतं, बानं मले चांद्याच्या मिशनच्या हायस्कुलात टाकलं, राहाची सोयही तिथीच. पन बजावलं, पोरी, धर्माच्या तासाले बसशीन तं त्याच दिवशी घरी.

आता काय सांगू भाऊ तुम्हाले, जुनं मराठी काव्य अन् धर्म, दोन्ही एकच मास्तर शिकवत, याकूब मास्तर. एक कुठी संपलं अन् दुसरं कुठी लागलं, कोनाले कळे? मी बसूनच राह्यली. नुसती बसली नाई, जीव कानात आनून आयकलं!

एक दिवस मास्तरानं दोन बाप समोरासमोर उभे केले. एक आमच्या काव्यातला, तोच वनात चाललेल्या पोरासाठी रडनारा राजा. दुसरा ख्रिस्तानं सांगितलेल्या गोष्टीतला, त्याचा पोरगा वाटा घेऊन निंगून गेला, सारं उडवलं अन् उपाशी परत आला. मास्तर म्हने, सांगा, जास्त माया कोनाची? वर्गात असा कल्ला! मी बाकावर चढून ओरडली, राजाची, म्या पाह्यला हाये, तो माझा बाप हाये! सारे हासले. अन् खिडकीत पाहते तं बा उभा. हातात माझी वळकटी बांधाले आनलेला दोर. गावात कोनीतरी चुगली केली होती.

मास्तर म्हने, या भाऊ, तुमचीच गोष्ट चालू हाये. बा दारातच थांबला. म्हने, पोरगा आला तवा तो बाप काय करून राह्यला होता? मास्तर म्हने, वाट पाहत होता, दुरून दिसला तसा धावला. बा म्हने, धावला? म्हातारा मानूस? पोरानं माफी मांगाच्या आंधी? मास्तर म्हने, आंधी. बा म्हने, म्या इतके वर्सं बसूनच रडलो, मास्तर.

माझ्याकडे पाह्यलं. म्हने, उतर खाली, अन् पुरं आयकून घे. दोर घेऊन आला तसाच गेला.

त्या सालच्या मंडईत राजपुत्र निघाला, पेटीवाल्यानं रडाचा सूर धरला, अन् बा सिंहासनावरून उठला, मुकुट पडला, लोकांमधून धावत सुटला थेट पोराच्या मांगं. पेटीवाला बोंबलला, अगा राजा, कुठी पळून राह्यला, गानं बाकी हाये! बाया हासल्या, मंग साऱ्या रडल्या.

आमी ख्रिस्ती झालो नाई, बा देवाले नारळ फोडतच राह्यला. पन मी मॅट्रिक झाली, मास्तरीन झाली, जलमभर तेच दोन बाप वर्गात उभे केले. आता गुडघे चालत नाई. तरी फाटक वाजलं का उठते. सून म्हनते, आई, बसा ना, मी पाहते. मी कायची बसते?

जा भाऊ, सुखानं जा. घरी पोचसान तवा तुमच्यासाठीही कोनी धावत बाहेर येवो.