काळा चष्मा आणि धामणगावची चौकशी

“लेझरच्या कामानं त्या पोरीच्या डोळ्याले काळा चष्मा...” दळणाच्या रांगेत पुढच्या बाईचं एवढंच ऐकू आलं आणि पिठाची गिरणी सुरू झाली. पोरगी कोण ते विचारायची गरजच नव्हती. आमच्या जठारपेठेत लेझरवर काम करणारी एकच, शेजारच्या मीनाताईंची प्राची.

त्याच दुपारी धामणगावहून फोन आला. प्राचीला पाहायला येणाऱ्या मुलाची मावशी. आपल्याकडे सोयरिकीआधी शेजाऱ्यांनाच विचारतात ना! “ताई, पोरीचे डोळे गेले म्हणतात. खरं हाय काय?”

मी म्हटलं, पाहून सांगतो. सुट्टीवर आलेली प्राची अंगणात शेंगा सोलत होती. माझं ऐकून हसत सुटली.

“काकू, लेझर डोळ्यात जाऊ नये म्हणून घालतो तो चष्मा! लेझरनं पाणी एकदम तापवतो. त्यात पेप्टाइड असते, म्हणजे प्रोटीनचा इवलासा तुकडा. त्याची घडी किती वेळात उलगडते अन् पडते, ते मोजून राहिलो आमी.”

“पापणी लवेपर्यंत होत असंन?”

“तेवढ्यात हजारो वेळा होते!”

“मंग तुले दिसते कसं व?”

“दिसत नाही, काकू. इन्फ्रारेड उजेडानं समजते.”

“बरं. डोळे ठणठणीत आहेत म्हणून कळवतो मी धामणगावले.”

तिनं माझा हातच धरला. “नका ना कळवू! डोळे गेले असंच राहू द्या. आमच्या लॅबमधला एक जण पसंत हाय मले. आईले सांगाची हिंमत होऊन नाही राहिली.”

मग मीनाताईंना मीच सांगितलं. आधी भडकल्या, मग त्या लॅबमधल्या पोराचं गाव विचारलं. तेव्हा मी धामणगावला फोन लावला.

“ताई, चष्मा खरा, डोळे गेले ते खोटं. पण तुमी दुसरी पोरगी पाहा.”